कॅप्टनची एकेचाळीस माणसं

शनिवार, ७ फेब्रुवारी १९९८. दफनाचा एकूण खर्च अठराशे पन्नास डॉलर. त्यातले बाराशे त्यांच्याच बँकेच्या खात्यात होते, उरलेले सहाशे पन्नास आम्ही तिघांनी भरले. हजर माणसं पाच : मशिदीतून आलेले मौलवी, ऑफिसच्या पार्किंगमध्ये दिवसपाळी करणारा स्टॅन नावाचा पोलिश म्हातारा, माझे स्नेही शेंडे, माझी पत्नी विद्या आणि मी. जमीन इतकी गोठली होती की खड्डा आदल्या दिवशीच यंत्राने खणून ठेवला होता. मौलवींनी अरबीत प्रार्थना म्हटली. ज्यांच्यासाठी म्हटली त्यांची भाषा जाणणारं तिथे कोणी नव्हतं... तसं ते शिकागोजवळच्या शॉमबर्गमध्ये राहिले त्या साडेचार वर्षांतही कोणी नव्हतं.

बातमी गुरुवारी सकाळी स्टॅनच्या फोनवरून आली होती. न्यूमोनिया झाला होता. जानेवारीभर ते खोकत होते आणि मी दोनदा त्यांना डॉक्टरकडे चला म्हटलं होतं. तिसऱ्यांदा म्हटलं नाही. ही गोष्ट मला अजून बोचते, म्हणून ती आधीच लिहून टाकतो.

त्यांचं नाव या लेखात येणार नाही. त्यांच्या लोकांत, म्हणजे सहाराच्या वाळवंटातल्या तुआरेग लोकांत, गेलेल्या माणसाचं नाव उच्चारत नाहीत. आपण श्राद्धाला तीन पिढ्यांची नावं घेतो, वर्तमानपत्रात फोटोखाली नाव छापतो. त्यांच्याकडे नाव घेतलं तर मेलेल्याला हाक मारल्यासारखं होतं आणि त्याची वाट अडते, असं मानतात. आमच्या बिल्डिंगमध्ये सगळे त्यांना कॅप्टन म्हणत. तेच पुरेसं आहे.

आमच्या विमा कंपनीच्या इमारतीमागे मोठं पार्किंग आहे आणि त्याच्या तोंडाशी एक काचेची केबिन. तिथे १९९३ च्या शरद ऋतूत एक नवा पहारेकरी बसायला लागला. उंच, सडपातळ, एका पायाने किंचित लंगडणारा, आणि डोक्यापासून नाकापर्यंत गडद निळं कापड गुंडाळलेला. दिसायचे फक्त डोळे. हिवाळ्यात कोणाला काही वाटलं नाही. पण जूनमध्येही ते कापड तसंच, तेव्हा लोक आपसांत बोलायला लागले. विद्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये सकाळी सातच्या ड्यूटीवर जाते, तिला सोडून मी पावणेसातला ऑफिसात पोचतो. त्या वेळी पार्किंगमध्ये माझी एकच गाडी असायची. पहिल्या बर्फानंतर एके सकाळी त्यांनी मला हाताने थांबवलं आणि तुटक इंग्रजीत म्हणाले, "तुमचा मागचा डावा टायर एका बाजूने झिजलाय." मी उतरून पाहिलं, तर खरंच. विचारलं, कसं कळलं? त्यांनी बर्फातल्या खुणांकडे बोट दाखवलं. "आणि परवा गाडी मागून जड होती."

परवा मी डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या भारतीय दुकानातून वीस पौंडांच्या तांदळाच्या चार गोण्या आणल्या होत्या आणि दोन दिवस डिकीतून काढल्या नव्हत्या.

मी आकड्यांचा माणूस आहे. जो माणूस नुसत्या खुणेवरून ऐंशी पौंड ओळखतो त्याच्याबद्दल मला आदर वाटणारच. मी दहा मिनिटं लवकर जायला लागलो. केबिनमध्ये छोट्या शेगडीवर ते हिरवा चहा उकळत. तीन ग्लास प्यायचे, त्याच पानांचे, दर खेपेला साखर वाढवत. पहिला कडू असतो, तिसरा गोड. तिसरा घेतल्याशिवाय उठणं म्हणजे यजमानाचा अपमान, हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं आणि मी घड्याळ बघत तीनही प्यालो.

त्यांची हकीगत मला सलग कधी मिळाली नाही, ग्लासाग्लासाने मिळाली. जन्म नायजरच्या उत्तरेला, एका तंबूत. जन्मतारीख माहीत नाही; सरकारी कागदांवर आहे ती एक जानेवारी, कारण निर्वासित कचेरीतल्या कारकुनाने सगळ्यांना तीच लिहिली. घराणं मानाचं, उंट आणि शेळ्या बऱ्याच. मग दोन दुष्काळ पडले, दहा-बारा वर्षांच्या अंतराने. पहिल्यात निम्मी जनावरं गेली, दुसऱ्यात सगळी. ते लिबियात बांधकामावर गेले, तिथे बंदूक चालवायला शिकले. परत आले तेव्हा त्यांच्या लोकांसाठी आलेली मदत मधल्यामधे नाहीशी झाली होती, आणि विचारायला गेलेल्यांना तुरुंगात घातलं होतं. त्यातून बंड उभं राहिलं. कॅप्टनच्या हाताखाली शंभराच्या आसपास माणसं होती, सात पिकअप ट्रक आणि जिथे ट्रक जात नाही तिथे उंट. दोन वर्षांनी मांडीत गोळी लागली. त्यांना अल्जीरियात नेलं, तिथून एका निर्वासित योजनेतून इलिनॉयला. "शिकागो कुठे आहे ते मला माहीत नव्हतं. त्यांनी सांगितलं तिथे थंडी असते. मी म्हटलं, वाळवंटातही रात्री असते." ते थांबले आणि म्हणाले, "चूक झाली."

मी एकदा विचारलं होतं, तुमच्या हातून किती माणसं मेली. त्यांनी दुसऱ्या ग्लासात साखर घातली. म्हणाले, "ते मोजायला दुसरा हिशेबनीस बसलाय." पुन्हा मी विचारलं नाही. त्यांना मी साधुसंत समजत नव्हतो आणि त्यांनीही तसा आव आणला नाही.

त्यांच्या देशात सरकारशी शांततेचा करार झाला ही बातमी त्यांना केबिनमध्ये, छोट्या रेडिओवर, फ्रेंच बातम्यांत कळली. त्या सकाळी मी पोचलो तर शेगडी बंद होती. "लढाई संपली," ते म्हणाले. मी अभिनंदन केलं. ते समोरच्या रिकाम्या पार्किंगकडे बघत राहिले. त्यांचे काही साथीदार सैन्यात अधिकारी झाले, एक तर म्हणे मंत्र्याचा सल्लागार झाला. कॅप्टनना कोणी बोलावलं नाही. तासाला सव्वासहा डॉलरवर ते गाड्या मोजत राहिले.

१९९७ च्या उन्हाळ्यात त्यांना एका मदतसंस्थेचं पत्र आलं. बंडात दोन्ही बाजूंनी मेलेल्या माणसांच्या कुटुंबांना एकरकमी मदत द्यायची होती, कुटुंबामागे तीनशे वीस डॉलर. तुआरेग तुकड्यांच्या प्रमुखांनी आपापल्या मृतांची यादी द्यावी : नाव, वडिलांचं नाव, गाव किंवा ज्या विहिरीवर कुटुंब उतरतं ती विहीर, आणि पैसे कोणाला द्यायचे. मुदत ३१ मार्च १९९८. तळाशी ठळक अक्षरांत लिहिलं होतं की वडिलांच्या नावाशिवाय नोंद स्वीकारली जाणार नाही. त्यात तथ्य होतं. त्यांच्या यादीत मुहम्मद नावाचेच सहा जण होते. तीनशे वीस डॉलरला तिकडे पाच-सहा शेळ्या येतात आणि वर्षाचं धान्य, असं कॅप्टन म्हणाले. मेलेली माणसं एकेचाळीस. फॉर्म इंग्रजीत. त्यांनी तो केबिनच्या खिडकीतून माझ्या हातात दिला. "तुम्ही रकाने भरणारा माणूस आहात."

आमची मुलगी नेहा त्याच ऑगस्टमध्ये कॉलेजला गेली होती. विद्याला रविवारी ड्यूटी लागत असे. रविवारचं घर मला अंगावर येत होतं. इतकं की मी टीव्ही म्यूट करून चालू ठेवायचो, कोणीतरी हलताना दिसावं म्हणून. तेव्हा मी म्हटलं, दर रविवारी दहाला या.

पहिल्याच रविवारी अडचण आली. एक नंबर, नाव काय? ते गप्प. मला वाटलं आठवत नसेल. मग त्यांनी तो नाव न घेण्याचा रिवाज सांगितला. मी म्हटलं, मग लिहा. पण ते शाळेत गेले नव्हते. रोमन अक्षरांत फक्त सही येत होती. त्यांना येत होती ती त्यांची स्वतःची जुनी लिपी, टिंबं, वर्तुळं आणि क्रॉस असलेली, आईने वाळूवर बोट धरून शिकवलेली. लिहिणं म्हणजे हाक मारणं नव्हे, एवढी सवलत त्यांना मान्य होती, पण कागदावर नको. कागदावर ते टिकून राहतं.

मी स्वयंपाकघरातून स्टीलचं मोठं ताट आणलं आणि त्यात बारीक रवा पसरला. माझे आजोबा धूळपाटीवर शिकले होते, ते मला आठवलं. कॅप्टननी ताटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग तर्जनीने चार खुणा काढल्या. त्यांना उच्चार विचारून केलेल्या अक्षरांच्या तक्त्यावरून मी एकेक खूण लावली. त्या लिपीत स्वर जवळजवळ नसतातच, म्हणून मी अंदाजाने निरनिराळे उच्चार करून बघायचो आणि ते मान हलवायचे : नाही, नाही, नाही... हो. परक्याच्या तोंडून नाव आलेलं चालत होतं. बरोबर उच्चार झाला की ते क्षणभर डोळे मिटत, आणि तळहाताने रवा सपाट करत. मग मी फॉर्मवर टाइप करायचो. एका रविवारी तीन माणसं, फार तर चार. प्रत्येकाबद्दल ते काहीतरी सांगत. हा गाणारा होता. याला मोटार दुरुस्त करता यायची. याचं लग्न होऊन अकरा दिवस झाले होते.

संध्याकाळी विद्या ताट बघायची. "अहो, हा रवा मी आता शिऱ्याला घेऊ की नको?"

"नको. वेगळ्या डब्यात ठेव."

"नावं लिहिलेला रवा," ती म्हणाली, आणि डब्यावर चिठ्ठी चिकटवली : कॅप्टन.

नोव्हेंबरमध्ये, थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत नेहा घरी आली होती, तेव्हा आम्ही कॅप्टनना आणि शेंडेंना रविवारी जेवायला बोलावलं. शेंडे मूळचे नागपूरचे, रंगांच्या कारखान्यात केमिस्ट. आंबेडकर जयंतीचा इथला कार्यक्रम तेच करतात. स्पष्ट बोलणारे. आमची अकरा वर्षांची ओळख. जेवताना कॅप्टन कापड खालून थोडं उचलत आणि घास आत नेत. बायकांसमोर तोंड दाखवायचं नाही.

"यांना पोळी आवडली की नाही, मला कधी कळतच नाही," विद्या मराठीत म्हणाली.

"आई, ही इज लाइक अ निंजा," नेहा म्हणाली. "इट्स सो कूल."

"वहिनी, चौथी घेतली त्यांनी. आणखी काय सर्टिफिकेट पाहिजे," शेंडे म्हणाले.

जेवण झाल्यावर कॅप्टननी आमच्या गॅसवर चहा ठेवला. यादी टेबलावर होती. एकेचाळीस नावं पूर्ण झाली होती आणि मी समाधानात होतो. शेंडेंनी कागद उचलला, चष्मा वर केला आणि वाचत गेले. बराच वेळ. मग मला मराठीत विचारलं, "दामले, हे नऊ रकाने रिकामे कसे?"

मी म्हटलं, त्यांच्यात मेलेल्यांची नावं घेत नाहीत, वडिलांची घ्यायला जरा जड जातं, होईल हळूहळू.

"बाकीच्या बत्तिसांचे बापही मेलेच असतील ना? त्यांची कशी लिहिली?"

मी कागद पाहिला. तीन महिने मी तो कागद टाइप करत होतो आणि रिकामे रकाने 'बाकी' म्हणून पेन्सिलीने मांडत होतो. बाकी कोणाची आहे ते मी पाहिलं नव्हतं.

शेंडेंनी कॅप्टनना इंग्रजीत विचारलं, आवाज न चढवता. "तुमच्या लोकांत जात असते का?"

कॅप्टन पहिला ग्लास ओतत होते. "होती," ते म्हणाले.

"हे नऊ कोण होते?"

त्यांनी ग्लास भरून प्रत्येकापुढे ठेवला. मग सांगितलं. त्यांच्याकडे पूर्वी मानाची घराणी गुलाम राखत. कायद्याने ते कधीच संपलं, पण तंबू तसेच वेगळे राहिले. ते नऊ जण त्या घराण्यांतले. बंडात बरोबर आले, बरोबर लढले.

"आणि त्यांचे बाप?"

"आमच्याकडे रिवाज आहे..."

"रिवाज नऊ जणांपुरताच आहे का, कॅप्टन?"

दुसरा ग्लास ओतला गेला. कॅप्टन शेंडेंकडे बघत राहिले. मला फक्त डोळे दिसत होते आणि त्यात राग नव्हता, एवढं मी खात्रीने सांगू शकतो. मग ते उठले, कोट घातला, विद्याला मान लववली आणि निघून गेले. तिसरा ग्लास झालाच नव्हता. भांड्यात पाणी उकळत राहिलं.

"पाहुणा होता तो, शेंडे," मी म्हणालो.

"मी पाहुण्याला नाही विचारलं. फौजेच्या म्होरक्याला विचारलं," ते म्हणाले. "बत्तीस बायकांना शेळ्या मिळतील यार, नऊ जणींना नाही. का, तर यांनी बाप विचारला नाही."

शेंडेंना मी गाडीने घरी सोडायला निघालो. इथल्या मराठी मंडळाचा खजिनदार म्हणून मी दर वर्षी त्यांची पावती फाडतो, 'टी. एल. शेंडे' अशी. सिग्नलला थांबलो असताना मी विचारलं, "एल म्हणजे काय? तुमच्या वडिलांचं नाव?"

"आता विचारताय?"

"हो."

"लक्ष्मण," ते म्हणाले. "रेल्वेत गँगमन होते." आणि थोड्या वेळाने, "सिग्नल सुटला, दामले."

पुढचे तीन रविवार कॅप्टन आले नाहीत. सकाळी केबिनमध्येही ते नुसती मान हलवत. चौथ्या आठवड्यात त्यांनी मला हाताने थांबवलं. खिडकीच्या कट्ट्यावर डेव्हनवरून आणलेल्या फोन कार्डांची चळत होती, मी मोजली, चौदा. म्हणाले, "दोन वर्षं मी त्यांच्याबरोबर एका भांड्यात जेवलो. प्रत्येकाच्या पावलाची खूण मला पाठ होती, वाळूत दिसली की सांगायचो, हा तो. कोणाचा मुलगा, हे विचारायचं कधी डोक्यातच आलं नाही." मग म्हणाले, "तुमच्या मित्राला सांगा, चहा राहिलाय."

त्या डिसेंबर-जानेवारीत त्यांनी काय केलं ते मी पाहिलं आहे. पाळी संपली की ते टेलिफोनवर बसत. अल्जीरियाच्या दक्षिणेतल्या एका गावात दुकान होतं, तिथे फोन होता. दुकानदार निरोप घेई, तो ट्रकवाल्याबरोबर वाळवंटात जाई, आणि ठरलेल्या दिवशी कोणीतरी फोनपाशी येऊन थांबे. पुतण्या, मेहुणा, कधी कोणीच नाही. एकदा चाळीस मिनिटांचं कार्ड नुसतं दुकानदार माणूस शोधायला गेला त्यात संपलं. मी एका रविवारी शेजारी बसून ऐकलं. त्यांची भाषा मी त्यांच्या तोंडून सलग अशी पहिल्यांदाच ऐकत होतो. आवाज वेगळा होता, भरभर, मध्येच हसणारा. फोन ठेवल्यावर ते पुन्हा इंग्रजीत आले आणि पुन्हा म्हातारे झाले. ताटातल्या रव्यावर त्यांनी एक नाव लिहिलं, मी उच्चारलं, टाइप केलं. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत अशी सात नावं मिळाली. अडतीस आणि चाळीस नंबरची राहिली. अडतीसची विधवा कोणाला सापडत नव्हती. चाळीसची आई सीमेपलीकडच्या छावणीत होती, पण म्हातारी, फोनपासून दोन दिवसांवर.

शेंडे चहाला आले होते, जानेवारीतच. तीनही ग्लास झाले. दोघं फारसं बोलले नाहीत. निघताना कॅप्टननी त्यांना दारापर्यंत सोडलं आणि विचारलं, "तुमच्या वडिलांचं नाव?" शेंडेंनी सांगितलं. कॅप्टननी ते दोनदा म्हणून पाहिलं. शेंडेंचे वडील वारलेले आहेत हे त्यांना माहीत असावं असं मला वाटत नाही. किंवा असेलही.

दफनानंतर दोन दिवसांनी स्टॅनने मला केबिनमधून त्यांचं सामान दिलं. शेगडी, तीन ग्लास, रेडिओ, दोन न वापरलेली कार्डं आणि पार्किंगच्या पावत्यांचं पुस्तक. पुस्तकाच्या शेवटच्या पावतीमागे शाईने दोन ओळी लिहिल्या होत्या, त्यांच्या लिपीत. कागदावर त्यांनी लिहिलेली ही पहिलीच नावं. सुरुवातीला ३८ आणि ४० हे आकडे, ते मात्र नेहमीचे इंग्रजी. मी रविवारी जेवणाच्या टेबलावर तक्ता घेऊन बसलो. घरात कोणी नव्हतं. दोन्ही ओळी सारख्याच निघाल्या. पाच खुणा, त्याच क्रमाने. मी उच्चार करून बघत गेलो, पण हो-नाही म्हणायला समोर कोणी नव्हतं... शेवटी एक उच्चार ओळखीचा वाटला, म्हणून फॉर्मचं पहिलं पान उघडलं. अर्जदाराच्या वडिलांचं नाव. त्यांचे स्वतःचे वडील.

मी शेंडेंना बोलावून घेतलं. त्यांनी पावती हातात धरून बराच वेळ पाहिली.

"ही खोटी नोंद आहे," मी म्हणालो. "साक्षीदार म्हणून खाली माझी सही आहे. सव्वीस वर्षांच्या नोकरीत मी हे केलेलं नाही."

"मग रिकामं पाठवा. दोघींचे पैसे जातील."

"तेच तर."

"आपल्याकडे दत्तक घेतात," शेंडे म्हणाले. "हे दत्तक समजा."

"दत्तकाला कागद लागतो."

"हा काय आहे मग?" त्यांनी पावती टेबलावर ठेवली. पण मग स्वतःच म्हणाले, "मलाही हे पुरतं पटत नाही, दामले. माणूस मोठा होता, मान्य. पण त्या पोरांना आपापला बाप होता ना."

मी रात्रभर नाही, पण तीन आठवडे विचार केला. दोन्ही रकान्यांत ते नाव टाइप केलं आणि पुढे लिहिलं, 'अर्जदाराने लिहून दिल्याप्रमाणे'. एवढं खरं होतं. १२ मार्चला यादी पाठवली, रजिस्टर पोस्टाने.

दोन आठवड्यांनी त्या संस्थेतल्या बाईंचा फोन आला. "अडतीस आणि चाळीस हे अर्जदाराचे भाऊ का?"

"कागदावर तसं दिसतं."

"त्यांच्या निर्वासित फाइलमध्ये भाऊ लिहिलेले नाहीत."

"तेव्हा नव्हते," मी म्हणालो. "शेवटच्या महिन्यात झाले."

त्या म्हणाल्या की पैसे वाटताना आमचा माणूस प्रत्येक कुटुंबाला नोंद वाचून दाखवतो आणि चूक असेल तर तिथेच दुरुस्त करतो; तोवर यादी मंजूर समजा.

गेल्या आठवड्यात पावत्यांच्या प्रती आल्या. आधी मुलीच्या कॉलेजची पत्रं, विजेचं बिल वगैरे बाजूला करून मी टेबल मोकळं केलं आणि त्या यादीशी एकेक ताडून पाहिल्या. एकेचाळीस पावत्या, एकेचाळीस अंगठे. अडतीस नंबरची विधवा संस्थेच्या माणसाला सापडली होती; तिने कॅप्टनच्या वडिलांचं नाव तसंच राहू दिलं होतं. तिला खरं नाव माहीत नव्हतं, की तिला तेच बरं वाटलं, हे पावतीवरून कळत नाही. चाळीस नंबरवर ते नाव एका रेघेने खोडलं होतं. वर हाताने दुसरं नाव लिहिलेलं आणि समासात वाटप करणाऱ्याचा शेरा होता : आईने वाचून घेतलं आणि हे चूक आहे म्हणाली. मुलाचे वडील विहिरी खणत, त्यांचं नाव तिने तीनदा सांगितलं आणि लिहून झाल्यावर कागदावर कुठे आहे ते बोटाने दाखवायला लावलं.

मी शेंडेंना फोन करून हे वाचून दाखवलं. "ते विहीर खणणारं पुन्हा वाचा," म्हणाले. मी पुन्हा वाचलं.

मग माझ्याकडच्या प्रतीत मीही दुरुस्ती केली. हिशेबाच्या नियमाप्रमाणे जुनं नाव वाचता येईल अशी एकच रेघ मारली, वर नवं लिहिलं, बाजूला तारीख आणि सही. एकूण वाटप तेरा हजार एकशे वीस डॉलर, कुटुंबं एकेचाळीस. पैकी चाळीस नंबरचे तीनशे वीस डॉलर, रोख, विहिरी खणणाऱ्याच्या मुलाच्या आईला मिळाले.